पाळी जाण्याचे वय : सहन करू नका, घाईही करू नका

आपल्या समाजातील भगिनी आज शिक्षणात, नोकरीत, चळवळीत पुढे आहेत. विहारातील वंदनेपासून वस्तीतील बचत गटापर्यंत बहुतेक कामे त्याच पार पाडतात. परंतु चाळिशी ओलांडल्यावर त्यांच्या शरीरात जे मोठे स्थित्यंतर घडते, त्याबद्दल मात्र घरात, विहारात किंवा महिला मंडळाच्या बैठकीत कोणीही मोकळेपणाने बोलत नाही. पाळी लवकर-उशिरा येऊ लागते, कधी दोन-दोन महिने येत नाही, आली की दहा दिवस थांबत नाही. बाई मैत्रिणीला सांगते, मैत्रीण म्हणते, "वयच आहे ते, होईल कमी." आणि विषय तेथेच संपतो.

हे अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच धोक्याचे आहे. या वयात पाळी अनियमित होणे बहुतेक वेळा स्वाभाविक असते. परंतु त्याच पडद्याआड कधी कधी गंभीर आजार लपलेला असतो. दुसऱ्या बाजूला, काहीही तपासणी न करता "पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळून विनाकारण शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियाही महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. एकीकडे अंगावर काढणे आणि दुसरीकडे घाई करणे, या दोन्ही टोकांपासून भगिनींनी कसे दूर राहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मध्यम मार्ग हा आपल्याला नवा नाही.

विटाळाचे ओझे आधी उतरवू या

पाळीबद्दल न बोलण्याचे मूळ विटाळाच्या कल्पनेत आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, हे आपण सर्व जाणतो. त्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात कोणाचा स्पर्श झाल्यास आंघोळ करावी याची यादी दिली आहे. त्या एकाच यादीत चांडाळ आहे, पाळी आलेली स्त्री आहे, बाळंतीण आहे आणि प्रेतही आहे. म्हणजे अस्पृश्याचा विटाळ आणि स्त्रीचा विटाळ एकाच लेखणीने लिहिला गेला. त्यातील एक विटाळ आपण झुगारून दिला, मग दुसरा घरात का सांभाळावा? पाळीच्या दिवसांत बाईने वेगळे बसावे, वंदनेला येऊ नये, असे आपल्यापैकी कोणी अजूनही मानत असेल, तर त्याने याचा शांतपणे विचार करावा.

बौद्ध परंपरेत स्त्रीच्या शरीराविषयी बोलणे लज्जास्पद मानलेले नाही. थेरीगाथेत भिक्षुणींनी स्वतःच्या आयुष्याबद्दल मोकळेपणाने सांगितले आहे. आम्रपालीने तर वार्धक्याने आपल्या केसांत, त्वचेत, अवयवांत झालेले बदल एकेक करून वर्णिले आहेत. शरीर बदलते हे सत्य आहे. ते नीट पाहावे, त्याचे कारण शोधावे आणि मग उपाय करावा, हीच धम्माची रीत आहे. प्रत्येक गोष्टीला कारण असते हे मानणाऱ्या माणसाने रक्तस्रावाचेही कारण विचारले पाहिजे.

पाळी जाते म्हणजे काय होते?

स्त्रीच्या ओटीपोटात गर्भपिशवीच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. मुलगी जन्माला येते तेव्हाच त्यांत स्त्रीबीजांचा साठा असतो आणि वयाबरोबर तो कमी होत जातो. बीजकोशात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन संप्रेरके तयार होतात. इस्ट्रोजेन गर्भपिशवीच्या आतले अस्तर वाढवते. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन तयार होते आणि ते अस्तराला आवरून धरते. गर्भ राहिला नाही की दोन्ही संप्रेरके घटतात, अस्तर सुटते आणि पाळी येते.

चाळिशीनंतर काही महिने बीज बाहेरच पडत नाही. तेव्हा प्रोजेस्टेरॉन मिळत नाही आणि इस्ट्रोजेनमुळे अस्तर वाढतच राहते. मग पाळी लांबते, आणि आली की जाड झालेले अस्तर तुकड्या-तुकड्याने सुटत राहून रक्तस्राव जास्त दिवस चालतो. या वयातील अनियमित पाळीचे सर्वांत सामान्य कारण हेच होय. यात कोणाची दृष्ट नाही, कोणाचा कोप नाही.

सलग १२ महिने पाळी आली नाही (आणि त्याला गरोदरपण, औषध किंवा अन्य आजार कारण नसेल) की पाळी गेली असे म्हणतात. यालाच रजोनिवृत्ती हा शब्द आहे. आपल्या देशात बहुतेक स्त्रियांची पाळी ४५ ते ५० या वयात जाते. त्याआधीचा अनियमिततेचा काळ साधारण ४ वर्षांचा असतो, काहींचा त्याहून अधिक लांबतो. ४० वर्षांच्या आत पाळी बंद झाली तर मात्र ते लवकर समजावे आणि डॉक्टरांना दाखवावे, कारण इस्ट्रोजेन लवकर संपल्याने हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

या काळात काय स्वाभाविक आहे?

पाळीचे अंतर आधी आठवडाभराने पुढे-मागे होऊ लागते. पुढे दोन-दोन महिन्यांची खंडे पडू लागतात. रक्तस्राव कधी कमी, कधी थोडा अधिक होतो. अचानक अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटते, चेहरा तापतो, रात्री घामाने कपडे भिजतात, झोप मोडते. चिडचिड होते, विनाकारण रडू येते, विसरायला होते. योनिमार्ग कोरडा पडतो, लघवीला जळजळ होते, संबंधाच्या वेळी दुखते. हे सगळे एकाच बाईला होईल असे नाही, काहींना तर फारसा त्रास होतच नाही.

ही लक्षणे स्वाभाविक आहेत म्हणून ती निमूटपणे सोसलीच पाहिजेत, असा अर्थ नव्हे. वाफा, झोपमोड आणि कोरडेपणा यांवर औषधे आहेत. ती कोणाला चालतात आणि कोणाला चालत नाहीत हे तपासून डॉक्टर ठरवतात. मैत्रिणीला दिलेली गोळी स्वतः आणून घेऊ नये.

आणखी एक गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस जात नाहीत असे नाही. क्वचित का होईना, बीज बाहेर पडतच असते. म्हणून पाळी चुकल्यास आधी गरोदरपणाची तपासणी करावी. वयाच्या पन्नाशीनंतर पाळी थांबली असेल तर पुढे १ वर्ष, आणि पन्नाशीच्या आत थांबली असेल तर पुढे २ वर्षे गर्भनिरोधाची काळजी घ्यावी. जिची किंवा जिच्या पतीची नसबंदी झालेली आहे तिला हा प्रश्न नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पुढील यादी महिला मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावी, अशी आमची विनंती आहे. यापैकी एकही गोष्ट होत असेल तर "वयच आहे" म्हणून थांबू नये.

१) रक्तस्राव ७ दिवसांपेक्षा अधिक चालणे.

२) २१ दिवसांच्या आत पुन्हा पाळी येणे, आणि असे वारंवार होणे.

३) दोन पाळ्यांच्या मध्ये अंगावरून लाल जाणे किंवा डाग लागणे.

४) पती-पत्नीच्या संबंधानंतर रक्त दिसणे.

५) रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडणे, रात्री उठून पॅड किंवा घडी बदलावी लागणे, एकाच वेळी दोन-दोन घड्या घ्याव्या लागणे.

६) अंगावरून दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित पाणी जाणे.

७) पोट फुगणे, ओटीपोटात गोळा लागणे, सतत दुखणे, कारण नसताना वजन घटणे.

८) चालताना धाप लागणे, चक्कर येणे, छातीत धडधडणे, जिभेचा व नखांचा रंग पांढुरका होणे.

९) पाळी जाऊन १२ महिने झाल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, मग तो एकच डाग का असेना.

दर तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, असे सलग दोन तास झाले असेल, किंवा रक्तस्रावासोबत भोवळ येत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. त्याच वेळी रुग्णालयात न्यावे, रात्र असली तरी न्यावे.

पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त गेले तर तो अतिस्राव समजतात. चहाच्या लहान ग्लासात मावेल एवढेच हे रक्त. दर महिन्याला त्याहून अधिक जात राहिले तर शरीरातील लोह संपते. स्त्रीच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की रक्तक्षय आणि ८ च्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय मानतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. घरात सर्वांना वाढून उरलेले खाणाऱ्या, दोन घरची कामे करणाऱ्या बाईला "हल्ली फार थकवा येतो" असे वाटते, तेव्हा तो आळस नसून रक्त कमी झालेले असू शकते.

पाळी गेल्यानंतरचे रक्त

वरील यादीतील नववा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. पाळी जाऊन वर्ष-दोन वर्षे झाल्यावर पुन्हा थोडे रक्त दिसले की बाई म्हणते, "पाळी परत आली." काहींना तर त्यात आनंदही वाटतो. एकदा गेलेली पाळी अशी परत येत नसते, म्हणून त्या रक्ताचे कारण शोधलेच पाहिजे.

बहुतेक वेळा कारण साधे निघते. इस्ट्रोजेन नसल्यामुळे योनिमार्गाचे किंवा पिशवीचे अस्तर पातळ होऊन त्यातून रक्त येते, किंवा आत लहानसा मांसल कोंब वाढलेला असतो. परंतु असे रक्त दिसलेल्या दर १० स्त्रियांपैकी साधारण एकीला गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग असतो. आकडा घाबरण्यासाठी नाही. हा कर्करोग रक्तस्राव करून लवकर सूचना देतो, आणि त्या सूचनेवर लगेच हालचाल केली तर बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. सूचना मिळूनही सहा महिने घरात बसणे हेच खरे संकट आहे. ज्यांचे वजन जास्त आहे, ज्यांना मधुमेह आहे, ज्यांची पाळी तरुणपणापासूनच फार अनियमित होती, किंवा ज्या स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन ही गोळी घेतात, त्यांनी अधिक सावध असावे.

संबंधानंतर येणारे रक्त हे गर्भपिशवीच्या मुखाच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते. भारतातील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल हा आढळतो. सौम्य आम्ल लावून पिशवीचे मुख डोळ्यांनी पाहण्याची एक साधी, स्वस्त तपासणी आहे. मुंबईतील झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेला अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असे २०१३ मध्ये जाहीर झाले. आज ३० वर्षांवरील स्त्रियांसाठी ही तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात समाविष्ट आहे. आपल्या भागात ती कोठे व कोणत्या दिवशी होते हे आशाताईंना विचारावे.

डॉक्टर काय तपासतात?

अनेक भगिनी तपासणीच्या भीतीने जात नाहीत. काय होणार हे आधी कळले तर भीती कमी होते. डॉक्टर प्रथम पाळीच्या तारखा विचारतात. मग पोट तपासतात आणि आतून तपासणी करतात. ती दोन-चार मिनिटांची असते. स्त्री डॉक्टर हव्या असतील तर तसे सांगावे, सोबतीला नातेवाईक बाई किंवा परिचारिका उभी राहावी असेही सांगता येते. रक्त तपासून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहतात, गरज असल्यास गरोदरपणाची तपासणी करतात. सोनोग्राफीत गाठी आहेत का आणि अस्तराची जाडी किती हे दिसते. पाळी गेलेल्या स्त्रीत ही जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, किंवा रक्तस्राव पुन्हा पुन्हा होत असेल, तर अस्तराचा बारीक तुकडा घेऊन तो प्रयोगशाळेत पाठवतात. पाळी चालू असलेल्या पण ४५ वर्षांवरील स्त्रीला अनियमित किंवा अतिस्राव होत असेल तरी हीच तपासणी करणे योग्य ठरते.

तपासणीला जाताना एक वस्तू अवश्य न्यावी, ती म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका. पाळी ज्या दिवशी आली त्या तारखेला गोल करावा, जेवढे दिवस राहिली तेवढ्या तारखांवर फुली मारावी, गाठी पडल्या तर फुलीखाली रेघ ओढावी. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही हे जमते. तीन महिन्यांची अशी नोंद पाहिली की निदान सोपे होते. "डॉक्टर, फार जाते हो" या वाक्यापेक्षा "२८ दिवसांत १३ दिवस गेले" हे वाक्य डॉक्टरांना अधिक सांगते.

पिशवी काढण्याची घाई नको

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या मोठ्या संख्येने पिशव्या काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. त्या वेळी झालेल्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत कित्येकजणी चाळिशीच्याही आतल्या होत्या. पाळीमुळे किंवा दुखण्यामुळे खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, फडावर पाणी नाही, आडोसा नाही, आणि दवाखान्यात "काढली नाही तर कॅन्सर होईल" अशी भीती दाखवली जाते. अशा कोंडीत बाईने कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेतली. ऊसतोडीला जाणाऱ्यांत आपलेही असंख्य समाजबांधव आहेत, म्हणून ही बातमी परक्याची नाही. अशा अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सर्व राज्यांना लागू करण्यास सांगितले.

पिशवी काढणे काही वेळा अत्यावश्यक असते. कर्करोग असेल, किंवा इतर उपचारांनी अतिस्राव थांबत नसेल, तर ती शस्त्रक्रिया जीव वाचवते. मात्र त्याआधी बहुधा दुसरे मार्ग असतात. लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, पिशवीत बसवायचे संप्रेरकयुक्त साधन, किंवा फक्त आतला कोंब काढणे, यांपैकी एखाद्या उपायाने अनेकींचे काम भागते. पाळी जाण्याच्या आधीच पिशवीसोबत दोन्ही बीजकोश काढले तर बाईला एका दिवसात रजोनिवृत्ती येते. हाडे, हृदय, झोप सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो.

म्हणून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास चार प्रश्न विचारावेत : मला नेमका आजार कोणता आहे? अस्तराच्या तुकड्याचा अहवाल आला का? औषधाने बरे होण्याचा प्रयत्न झाला का? बीजकोश ठेवणार की काढणार? उत्तरे लेखी कागदावर घ्यावीत आणि शक्य असल्यास सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. मात्र तपासणीत कर्करोगाची शंका आली असेल तर दुसऱ्या मताच्या नावाखाली महिने घालवू नयेत. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे, त्याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

घरातील माणसांनी काय करावे?

हा विषय केवळ बायकांचा नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला, तेव्हा स्त्रीच्या शरीराचा प्रश्न त्यांनी उभ्या समाजाचा मानला. त्यांचे नाव घेणाऱ्या पतीने पत्नीला "तुझे नेहमीचेच आहे" असे म्हणू नये. तिच्यासोबत दवाखान्यात जावे, त्या दिवसाचा स्वयंपाक स्वतः करावा. मुलांनी आईच्या चिडचिडीमागचे कारण समजून घ्यावे. सुनेने सासूला आणि सासूने सुनेला हे विचारायला संकोच करू नये. पोटाच्या विकाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्षूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले आणि आजाऱ्याच्या सेवेचा धडा संघाला दिला. शरीराच्या स्रावांची किळस न बाळगण्याचा हा धडा आपल्या घरातही लागू आहे.

आहारात नाचणी, पालेभाज्या, कडधान्ये, अंडी, मटण-मासे जे परवडेल ते बाईच्या ताटात प्रथम पडावे. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. रोज अर्धा तास चालावे. मशेरी आणि तंबाखू सोडावी. आनापानसतीचा सराव मन शांत ठेवायला उपयोगी आहे, मात्र तो रक्तस्रावावरील औषध नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या महिला मंडळांनी वर्षातून एकदा, पौर्णिमेच्या कार्यक्रमाला जोडून, विहारात हिमोग्लोबिनची तपासणी ठेवली आणि वरील नऊ मुद्द्यांचा फलक लावला, तर त्यास फार खर्च येणार नाही. ज्या भगिनीला घरी बोलायला जागा नाही, ती निदान तो फलक वाचेल आणि शेजारणीला घेऊन दवाखान्याची पायरी चढेल. तेवढे झाले तरी आमच्या या लेखाचे सार्थक होईल.

तारखा लिहून ठेवा, लक्षण दिसताच दाखवा, आणि विचारल्याशिवाय शस्त्रक्रियेच्या कागदावर सही अथवा अंगठा करू नका. सर्व भगिनींना निरोगी आयुष्य लाभो, ही मंगल कामना. जयभीम!